मी देवघरात, मग हिशेबात कोण?

मैत्रिणींनो, आज सकाळचीच गोष्ट लिहिते.

कुपवाडच्या आमच्या छोट्या कारखान्याचे हिशेब मी क्लाउडवर ठेवते. सकाळी पूजेला बसले होते, तोच सूनबाईचा पुण्याहून फोन. ती क्लाउडच्या सुरक्षेचंच काम करते.

"आई, आत्ता हिशेब उघडलेत का तुम्ही?"

"अगं, मी देवघरात आहे!"

"मग तुमच्या नावानं आत कोण आहे? सगळी बिलं भराभर पुसतंय!"

माझ्या हातातली घंटाच पडली. तिनं तिथूनच त्याला बाहेर काढलं.

चोरानं कुलूप फोडलंच नव्हतं. पासवर्ड होता आमच्या कुलदैवताचं नाव. देवाच्या नावाला कोण हात लावणार, असं वाटायचं. पण तेच नाव कारखान्याच्या पाटीवर आहे की!

नवरात्रात अखंड दिवा लावून आपण सगळेच झोपत नाही, कुणीतरी जागं राहतंच. सूनबाईनं गेल्या महिन्यात आमच्या हिशेबांवर तशीच राखण बसवली होती, आत आलेला काय करतोय ते त्याच क्षणी बघून तिला कळवणारी. तेव्हा आमचे हे म्हणाले होते, "कुलूप हाय की, मग ह्यो खर्च कशाला?" आज स्वतःच नवा पासवर्ड शोधत बसलेत.

तुमचा पासवर्ड कुठल्या देवाचा? इथं सांगू नका, आधी बदला.