नवे पाटे आणि भरलेला तांब्या

मला गाडी उंच करायची होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या दिवसांत मी हे सोडून बाकी सगळं सगळ्यांना सांगत होतो. बायकोला सांगितलं, आबांच्या पाठीसाठी. आबांना सांगितलं, तुमच्या पाठीसाठी. रोज सकाळी दाढी करताना आरशातल्या माणसालाही तेच सांगायचो आणि त्या बिचाऱ्याला ते लगेच पटायचं.

आबा म्हणजे माझे वडील. सगळी नोकरी त्यांनी देहूरोडच्या डेपोत लष्कराच्या ट्रकांखाली आडवं पडून केली. रिटायर झाले तसे गावी गेले. पवनानगरच्या पुढे, धरणाच्या वरच्या अंगाला आमची भाताची खाचरं आहेत. मागच्या वर्षी त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि आम्ही त्यांना लोणावळ्याला आमच्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो. शेत तेव्हापासून चुलतभाऊ बघतो. आमच्या बाल्कनीतून समोरच्या बंगल्याचा स्विमिंग पूल दिसतो. आबा खुर्ची टाकून तिथे बसत आणि शनिवार-रविवारी पाण्यात डुंबणाऱ्या पाहुण्यांकडे बघून विचारत, "ह्यांच्या घरी पानी येत न्हाई का?"

एरवी त्यांनी काही मागितलं नाही. दिवाळीच्या आधी मात्र एक दिवस जेवताना म्हणाले, "अवंदा झोडणीला मला खळ्यावर नेशील का?"

मी नुसती मान हलवली. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "न्या की, फक्त धक्के बसता कामा नयेत." डॉक्टरांनी आमच्या गावचा रस्ता पाहिलेला नाही हे उघड होतं. गावापर्यंत डांबर आहे, म्हणजे काही पावसाळ्यांपूर्वी होतं. गावाच्या पुढे खळ्यापर्यंत दोन किलोमीटर दगड, त्यात एक ओढा, आणि ओढ्यानंतर असा चढ की बैलसुद्धा आधी थांबून विचार करतात.

गाडी माझ्याकडे होती. मी बंगल्यांची आणि धरणाकाठच्या तंबूवाल्यांची वायरिंगची कामं करतो. त्यासाठी चारही चाकं ओढणारी एक जुनी पिकअप घेतलेली होती. वायरची बंडलं आणि शिडी मागे टाकायची आणि चिखलात घालायची. काम असं की गाडीत काही बदलायची गरज नव्हती. पण मी रविवारी डोंगरात गाड्या घालणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये होतो आणि तिथे माझी गाडी सगळ्यांत बुटकी होती. फोटो काढताना मला कडेला उभं करत. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला अशा गोष्टीचं वाईट वाटू नये, पण मला वाटायचं.

मग डॉक्टरांचं ते वाक्य आलं आणि मला रान मोकळं झालं.

तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही. रात्रीचं जेवण मोबाईल बघत आणि सकाळचा चहाही मोबाईल बघत. धक्के झेलणारे शॉकप गॅसचे घ्यावेत की तेलाचे? मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे वजनदार घ्यावेत की मध्यम? गाडी दोन इंच उचलावी की तीन? ऑस्ट्रेलियातला एक टोपीवाला माणूस वाळवंटात गाडी उडवायचा आणि मी लोणावळ्यात पोहे गार करत ते बघायचो. ग्रुपवर विचारलं तर प्रत्येकाने स्वतः जे घेतलं होतं तेच कसं बरोबर हे सांगितलं. एकाने तर "वडिलांसाठी करतोयस, मग तडजोड नको" असं लिहून खाली हात जोडल्याची तीन चित्रं टाकली. मला भरून आलं.

बायको म्हणाली, "अहो, आबांना खळ्यावर न्यायचंय की चंद्रावर?"

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मी त्यांना मोबाईलवर चित्रं दाखवली, त्यांनी चष्मा लावून ती नीट पाहिली. मग म्हणाले, "हे माल वाहायचे पाटे हायेत. टनभर वजन टाकशील तवा ते वाकनार. माजं वजन किती?"

"आबा, ही नवीन टेक्नॉलॉजी आहे."

"लोखंड हाय का न्हाई?"

"आहे."

"मग वजन पडल्याबिगर ते वाकत न्हाई. तुज्या जुन्या पाट्यांतला एक काडून टाक. चाकातली हवा थोडी कमी कर. मागं चार पोती भात टाक. लोन्यावानी चालंल." आणि वर डेपोतला किस्सा सांगितला. साहेबाची जीप दुरुस्त झाली की त्यांचा हेडमिस्त्री मांडीत काठोकाठ भरलेला तांब्या धरून बसायचा आणि गेटपर्यंत चक्कर मारायला लावायचा. पाणी सांडलं की जीप पुन्हा दुरुस्तीला.

ज्या माणसाने आयुष्यभर ट्रकचे पाटे बदलले, तो पाट्यांबद्दल फुकटात सांगत होता. मी हो हो केलं आणि ऑस्ट्रेलियावाल्याचं ऐकलं.

कामशेतच्या अलीकडे हायवेला एक मिस्त्री आहे, माझ्या ओळखीचा. नवे पाटे आणि शॉकप घेऊन गेलो तर त्याने हात पुसत विचारलं, "काय माल नेनार?"

"माल नाही. वडिलांना न्यायचंय."

त्याने एकदा पाट्यांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "किती वडील हायेत?"

मी हसलो. तो हसला नाही, पण त्याने काम चोख केलं. संध्याकाळी गाडी जॅकवरून उतरली तेव्हा ती माझी वाटेना. चाकाच्या वर हात घातला तर अख्खा हात आत जात होता. मी नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली, लिंबांवरून गाडी पुढे घेतली आणि ग्रुपवर चार बाजूंनी चार फोटो टाकले. घरी येईपर्यंत सत्तावीस अंगठे आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांना पार्किंगमध्ये आणलं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. वाकता येत नव्हतं म्हणून काठीच्या टोकाने पाटा ठोकून पाहिला. मग मी दार उघडलं. आबांनी हँडल धरलं, डावा पाय उचलला, आणि तो पाय गाडीच्या फळीच्या चार बोटं खाली येऊन थांबला.

त्यांनी पाय खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा तिथेच. सोसायटीचा वॉचमन बघत होता. वरच्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालायच्या थांबल्या. मी म्हणालो, "आबा, मी उचलतो," आणि त्यांच्या काखेत हात घातले. त्यांनी माझे हात काढले. काठी घेऊन लिफ्टकडे चालू लागले. मला त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं. ज्या माणसासाठी गाडी उचलली असं मी अख्ख्या गावाला सांगत होतो, त्यालाच तिच्यात चढता येत नव्हतं. आणि हे मला सगळे व्हिडिओ बघताना एकदाही सुचलं नव्हतं, कारण त्यातलं एकही दृश्य मी आबांना आत बसवून पाहिलं नव्हतं.

तरी मी शहाणा झालो नाही. मी दाराखाली पायरी बसवून घेतली. पायरीवरून आबा चढले, दोन दमांत, ओठ घट्ट मिटून. झोडणीला आठवडा होता. म्हटलं, एकदा चाचणी घेऊ. आबा म्हणाले, "तांब्या आन."

बायकोने काठोकाठ भरून दिला. आबांनी तो दोन्ही हातांनी मांडीत धरला आणि आम्ही निघालो. चांगल्या रस्त्यावर सगळं ठीक होतं. पवनानगरच्या पुढे डांबर फाटलं आणि माझे टनभर मालाचे पाटे, ज्यांच्यावर शिडी आणि एक म्हातारा एवढंच ओझं होतं, ते जागचे हलेनात. प्रत्येक दगड जसाच्या तसा वर येत होता. मी गाडी चालण्याच्या वेगाने नेली, तरी माझेच दात वाजत होते. आबांकडे बघायचं मी टाळत होतो. गावाच्या अलीकडे ते हळूच म्हणाले, "वळव आता. बास."

"दुखतंय का?"

"न्हाई. चहाची येळ झाली."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तांब्यात नव्हतं. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला होता. घरी आल्यावर बायकोने तो पाहिला आणि माझ्याकडे अशी वळली की मी एक पाऊल मागे सरकलो. आबा मधे पडले. "पानी पिताना सांडलं गं. हात कापत्यात आता."

आबांचे हात कापत नाहीत. अजूनही सुईत दोरा एका फटक्यात ओवतात.

त्यानंतरचे दोन दिवस ते पाठीखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन पडून होते. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली आणि म्हणाले, "झोडणीला तू जाऊन ये. तितं काय हाय बगन्यासारखं? दर सालचंच हाय."

हे ऐकून मला जे वाटलं ते रागापेक्षा वाईट होतं. वर्षभर बाल्कनीत बसून ज्याने एकच गोष्ट मागितली, तो ती गोष्ट परत करत होता, आणि तीही मला वाईट वाटू नये म्हणून. मी गाडी काढली आणि थेट कामशेतला गेलो.

मिस्त्रीला म्हणालो, "सगळं काढ. जुने पाटे बसव. त्यातला एक कमी कर."

"कोनता?"

मला माहीत नव्हतं. घरी फोन लावला. आबांनी झोपल्या झोपल्या कोणता ते सांगितलं आणि मिस्त्रीला फोन द्यायला लावला. मग ते दोघं दहा मिनिटं बोलले. मिस्त्री "व्हय आबा, व्हय आबा" करत होता आणि मधून मधून माझ्याकडे बघून हसत होता. पायरीही काढली. गाडी पुन्हा बुटकी झाली. फोटो मात्र काढला नाही.

झोडणीच्या दिवशी सकाळी मी गाडी दारात लावली आणि वर येऊन आबांना म्हणालो, "चला."

"सांगितलं ना, मी येत न्हाई."

"नुसती गाडी बघायला तरी चला."

ते खाली आले. गाडी पाहिली. काठीने पाटा ठोकला. मग हँडल धरलं, पाय उचलला आणि एका दमात आत जाऊन बसले. बसल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "तांब्या कोन आननार?"

पोती आणायची मी विसरलो होतो. गाव ओलांडून दगडांच्या वाटेला लागलो तर पुढे आमच्याच खळ्यावर निघालेल्या सहा-सात बाया चालत होत्या, डोक्यावर भाकरीची गाठोडी. आबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ये बायांनो, बसा मागं!"

"नको आबा, जातो आमी चालत. तुमची पाठ दुखंल."

"तुमी बसल्याव न्हाई दुखनार. वजन पायजे मला, वजन!"

त्यातली एक, अंगाने चांगली भरलेली, पदर खोचत म्हणाली, "मंग मला मदोमद बसवा," आणि सगळ्या हसत हसत चढल्या. वजनाने गाडी मागून खाली बसली. पहिला दगड आला आणि मी अंग चोरलं, पण नुसतं हलकं डुलल्यासारखं झालं. ओढा पार झाला. चढावर मागून गाणं सुरू झालं. आबा एका हाताने तांब्या धरून दुसऱ्याने दारावर ठेका धरत होते.

खळ्यावर थांबलो. मी धावत पलीकडे गेलो, हात पुढे केला. आबांनी त्या हातात तांब्या दिला आणि स्वतः उतरले. पाणी दोन बोटं कमी झालं होतं. दुपारभर ते खाटेवर बसून पेंढ्या झोडणाऱ्यांना शिव्या देत होते आणि चुलतभाऊ त्या आनंदाने खात होता. एकदा मूठभर भात हातावर चोळून त्यांनी फुंकर मारली आणि तांदळाचे चार दाणे तोंडात टाकले. मी दुसरीकडे बघायला लागलो.

निघताना ते सरळ चालकाच्या दाराकडे गेले. "किल्ली दे. ओढ्यापतूर मी नेतो."

"आबा, डॉक्टर..."

"डॉक्टर हितं हाय का? तू तांब्या धर."

बाया संध्याकाळपर्यंत थांबणार होत्या, मागे वजन नव्हतं, वाट उताराची होती आणि आबांना ब्रेकची घाई कधीच नव्हती. ओढ्यापर्यंत त्यांनी गाडी अशी नेली की मी देवाचं नाव घेत होतो आणि ते शीळ घालत होते. ओढ्याशी त्यांनी जागा दिली आणि विचारलं, "किती उरलं?"

मी तांब्या उलटा करून दाखवला.

घरी बायकोने दार उघडलं. आधी आबांकडे पाहिलं, ते ताठ उभे होते. मग माझ्या गुडघ्यापर्यंत ओल्या पँटकडे पाहिलं.

मी म्हणालो, "पाणी पिताना सांडलं."