ओरडायचं नाही

गल्लीत तिला सगळे ‘गाणारी’ म्हणत. लग्नाच्या स्वागत समारंभांत गाणाऱ्या एका वाद्यवृंदात तिने उमेदीची वर्षं घातली होती. घरी ती आणि वडील, दोघंच. वडिलांचं उभं आयुष्य पत्रे ठोकायच्या कारखान्यात गेलेलं. कानांनी कधीच हात टेकले होते. मुलीने आणलेलं कानाचं यंत्र त्यांनी जेमतेम आठवडाभर लावलं. “डोक्यात माश्या घोंगावतात,” म्हणाले आणि कपाटात टाकून दिलं. तेव्हापासून चहा हवा का, एवढं विचारायलाही तिला वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडावं लागे.

रात्री गाणं, दिवसा ओरडणं. आवाज बसायला लागला. गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं. एका कार्यक्रमात वरचा सूर लावायला गेली आणि नुसती हवाच बाहेर आली, तेव्हा ती डॉक्टरीणबाईंकडे गेली.

“स्वरतंतू सुजलेत,” बाई म्हणाल्या. “हाताला घट्टे पडतात ना, तसे पडायला लागलेत. महिनाभर गाणं बंद, बोलणंही बंद. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानेही ताण येतो. पाणी पीत राहा, वाफ घ्या. आणि ओरडायचं तर मुळीच नाही.”

“वडिलांना ऐकू येत नाही हो.”

“मग पाटीवर लिहा.”

तिने पाटी आणली. वडिलांना ती पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपली. चष्मा शोधायचा, मग वाचायचं. “माझ्याशी बोलायला तोंड दुखतं का तुझं?” ते म्हणत आणि पाटी उलटी करून ठेवत. ती मुकाट्याने परत सुलटी करी. महिना सरत आला तेव्हा अंघोळ करताना तिने हलकेच एक सूर लावून पाहिला. तो कुठेही न फाटता, स्वच्छ लागला. ती कितीतरी वेळ तशीच ओलेती उभी राहिली.

त्याच आठवड्यात दूध उतू जाऊन शेगडी विझली. बाजारातून येऊन तिने दार उघडलं तर घरभर गॅसचा वास. आत स्वयंपाकघरात वडील काडेपेटी हातात घेऊन शेगडीवर वाकलेले.

“बाबा, नको!”

ती जिवाच्या आकांताने ओरडली. वडिलांनी मान वळवली नाही. वळवणार तरी कशी? धावत जाऊन तिने त्यांच्या हातावर फटका मारला, तेव्हा कुठे काडी खाली पडली. ओरडताना घशात काहीतरी टचकन तुटल्यासारखं झालं होतं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. आत रक्त उतरलं होतं. पुढे व्रण राहिला. घोगरं का होईना, बोलता येऊ लागलं. गाणं मात्र गेलं ते गेलंच. वाद्यवृंदात दुसरी मुलगी आली. ही आता एका दवाखान्यात येणाऱ्यांची नावं लिहून घेते.

गाणं गेल्याचं तिने वडिलांना पाटीवर लिहून सांगितलं. त्यांनी वाचलं आणि मान डोलावली, पण पटलं नसावं. ती रियाजाला बसली की तिच्या ओठांकडे बघत मांडीवर ताल धरायची त्यांना सवय होती.

परवा सुट्टीच्या दुपारी ते तिच्यासमोर येऊन बसले. “म्हण काहीतरी.”

तिने मान हलवून नाही म्हटलं आणि घशाकडे बोट दाखवलं.

“बापापुढे कसला भाव खातेस?” ते म्हणाले, आणि जेवणाची वेळ होईपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.