पेइ-लानची आजोबांशी घासाघीस

माझी भाची पेइ-लान कॅमेरा खांद्यावर घेतला की वाघीण आणि खाली ठेवला की गरीब गाय. इथं तैवानात, तायनान शहरात, एका छोट्या वृत्तवाहिनीत तिनं अकरा वर्षं कॅमेरा सांभाळला. वादळ असो, निवडणुकीची धक्काबुक्की असो, ही सगळ्यात पुढं. पण कुणी काही मागितलं की हिच्या तोंडून 'नाही' निघायचं नाही. माझ्या दुकानात करपलेलं धिरडं वाढलं तरी मुकाट खायची.

चौतिसाव्या वर्षी तिच्या डोक्यात आलं, नोकरी सोडून स्वतंत्र काम करावं. लोकांनी बोलवावं, हिनं जाऊन चित्रण करावं, नको वाटलं तर सोडून द्यावं. नेमकं तेव्हाच वाहिनीनं तिला कॅमेरा विभागाची प्रमुख करायचं ठरवलं. करार तीन वर्षांचा, आणि सही पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारपर्यंत हवी.

माझं सकाळच्या न्याहारीचं दुकान आहे. मी तव्यावर अंड्याची धिरडी उलटत होते, तेव्हा ती शेजारी येऊन उभी राहिली.

"मावशी, जमेल का गं मला?"

"काम जमेल. धंदा जमायचा नाही."

"का बरं?"

"तुला नाही म्हणता येत नाही, म्हणून."

"येतं की!"

"बरं. मग ह्या मुळ्याच्या वड्या त्या कोपऱ्यातल्या टेबलावर नेऊन दे."

तिनं नेऊन दिल्या. वर टेबलही पुसलं. मी नुसतं तिच्याकडं बघितलं. ती लाजली, पण हट्ट सोडला नाही. बारा दिवसांची रजा टाकली आणि म्हणाली, करूनच बघते.

पहिलं काम मिळालं मत्स्यशेतीवाल्या हुआंगसाहेबांच्या जाहिरातीचं. छान केलं तिनं. हुआंगबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "मासे जरा आनंदी दिसू देत ना." ही पुन्हा तळ्यावर गेली. मग पाणी जास्त निळं हवं झालं, मग हुआंगसाहेबांचं पोट कमी दिसायला हवं झालं. नऊ वेळा बदल झाले! दुसरं काम होतं लांबच्या चुलतभावाच्या लग्नाचं. सकाळपासून पंगत उठेपर्यंत उभी होती आणि मोबदल्यात मिळाला लग्नाच्या केकचा एक डबा. मी तिला भरपूर शिव्या घातल्या. केक मात्र निम्मा मीच खाल्ला.

सहीच्या मुदतीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी ती दुकानात आली ती डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊनच. पिशवीत करार होता. "आजोबांना विचारते," म्हणाली.

आजोबा म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी देऊळ असलेला भूमिदेव. मी तवा उतरवला आणि नैवेद्याला एक अननस घेऊन तिच्याबरोबर गेले. देवळाची देखभाल करणारे चायकाका झाडत होते, ते झाडू टेकवून बघत उभे राहिले. पेइ-लाननं गुडघे टेकून नाव, जन्मतारीख, पत्ता सगळं रीतसर सांगितलं. "आजोबा, उद्या राजीनामा देऊन मोकळी होऊ का?" देवाचा कौल घ्यायचे चंद्रकोरीसारखे दोन लाल लाकडी तुकडे हातात घेऊन तिनं खाली टाकले. एक उताणा, एक पालथा. म्हणजे हो. पुन्हा टाकले, पुन्हा हो. लागोपाठ तीनदा हो आलं की पक्कं.

तिसऱ्यांदा दोन्ही पालथे पडले.

"नाही म्हणाले," चायकाका बोलले.

खरं सांगते, मला हायसं वाटलं. "चल, सही कर. आजोबांनीच सांगितलं."

"नाही," पेइ-लान म्हणाली.

मला वाटलं, मला म्हणतेय. पण तिची नजर मूर्तीवर होती. "नाही आजोबा, हे मला पटलं नाही. अकरा वर्षं दुसरे सांगतील तिकडं कॅमेरा फिरवलाय मी. आता तुम्ही पण?"

मी तिची बाही ओढली. चायकाका मात्र खुशीत आले. "अगं, भांडतेस काय? अटी बदल आणि परत विचार. सगळे तेच करतात."

ती सावरून बसली. "बरं, उद्या नाही. नववर्षापर्यंत थांबते, नव्या पोरांना शिकवते, मग सोडते." तुकडे टाकले. दोन्ही उताणे.

"आजोबा हसतायत," चायकाका म्हणाले. "अजून काहीतरी राहिलंय."

"आणि दोनच बदल करून देईन. तिसऱ्याचे वेगळे पैसे. मासे हसोत नाहीतर रडोत!"

तिनं पुन्हा तुकडे टाकले. हो. हो. मी डोळे मिटून घेतले. तिसरा आवाज झाला तशी चायकाकांनी टाळी वाजवली.

पेइ-लाननं कपाळ जमिनीला टेकवलं. "आजोबा, तुमच्या वाढदिवसाचं चित्रण दरवर्षी मी करीन."

"फुकट ना?" चायकाकांनी लगेच विचारलं.

तिनं कपाळ वर उचललं. "देवाला फुकट. देवस्थानाला नाही."

शुक्रवारी तिनं करार सही न करता परत दिला, आणि नववर्षानंतर खरंच बाहेर पडली. मीही संधी सोडली नाही. "माझ्या दुकानाची छोटीशी फिल्म करून दे गं. सख्खी मावशी आहे मी तुझी."

"करते की. पैसे आधी सांगते, मग तारीख ठरवू."

"अगं, लहानाची मोठी केली तुला!"

"म्हणून तुला तीन बदल."

मला इतका राग आला आणि त्याहून जास्त आनंद झाला की हातातलं काम विसरले. धिरडं करपलं. सवयीनं तेच तिच्यापुढं सरकवलं.

तिनं बघितलं आणि ताटली परत ढकलली. "हे नको, मावशी. दुसरं घाल."

मी दुसरं घातलं.