आईचा रकाना

जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या त्या कारकुनाला कचेरीत सगळे ‘भिंग’ म्हणत. तोंड कधी पोळलं नव्हतं, तरी हा माणूस ताक फुंकून प्यायचा. कुणीही दाखला पुढे केला की आधी ओरडायचा, “खाडाखोड चालणार नाही!”

निवृत्तीनंतर तो वंशावळ करायला बसला. जुनी रजिस्टरं आता संगणकावर आली होती. स्वतःच्या जन्माची नोंद त्याने पडदाभर मोठी केली आणि चमकला. आईच्या रकान्यात मावशीचं नाव होतं. लग्न न केलेली मावशी जन्मभर त्यांच्याच घरी राहिली होती.

“लिहिणारा गाढव असणार, नाहीतर लबाड!” त्याने ती नोंद लिहिणाऱ्या जुन्या कारकुनाच्या पन्नास नोंदी काढल्या, अक्षर ताडून पाहिलं. एकही चूक सापडेना. तरी त्याने दुरुस्तीचा अर्ज भरलाच. त्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांची सही हवी होती, आणि आता मावशीच तेवढी उरली होती.

मावशीने अर्ज सावकाश वाचला. ‘अर्जदाराशी नातं’ या रकान्यात त्याने आधीच ‘मावशी’ लिहून ठेवलं होतं. तिने ते खोडलं, वर ‘आई’ लिहिलं आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

“एवढी खाडाखोड चालवून घे,” ती म्हणाली.