वालावरचा मावा आणि देव्हाऱ्यातला झेंडू

वालाचा शेंडा मी उलटा करून पाहिला. कोवळ्या देठावर काळे तीळ चिकटवावेत तसे किडे बसले होते. याला मावा म्हणतात. तो झाडाचा रस शोषतो, पानं आकसतात, शेंगा धरत नाहीत. सेक्रेटरी भुसारी काका मागेच उभे होते, म्हणून मी शेंडा हळूच सोडून दिला. पण त्यांनी पाहिलंच.

"हे काय आहे, स्नेहल?"

"मावा आहे, काका. थोडासाच आहे."

"थोडासा? पूर्ण वेल काळा पडून राहिला. तू तर किडे बोलावणार होती ना, चांगलेवाले? मग हे कोणतेवाले आले?"

काका तसे वाईट नव्हते. त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, की पुढच्या रविवारी फवारणीवाल्याला बोलावतो, तोवर तुला काय करायचं ते कर.

मनीषनगरातल्या या सोसायटीने मागच्या मोकळ्या जागेत भाज्या लावल्या होत्या. वाल, वांगी, फुलकोबी, पालक. शेजारीच मुलं खेळत, शेंगा तोडून तशाच तोंडात टाकत, म्हणून विषारी औषध नको असं कमिटीनेच आधी ठरवलं होतं; मावा दिसताच तो निश्चय डळमळला. मी कृषीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि अशा बागा सांभाळणाऱ्या ढोबळे सरांकडे ट्रेनिंग करत होते. ही पहिली साइट त्यांनी एकटीच्या भरवशावर दिली होती. नीट जमलं तर परीक्षेनंतर नोकरीवर ठेवीन, असं ते म्हणाले होते. माझे बाबा कोराडीला वीज केंद्रात कंत्राटी कामावर आहेत. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबांनी ती नोकरी लागल्याचं कॉलनीत सांगूनही टाकलं होतं.

माझी योजना पुस्तकातली होती, पण चुकीची नव्हती. माव्याला खाणारे किडे असतात. लाल पाठीचा लेडीबर्ड भुंगा बहुतेकांनी पाहिलेला असतो. दुसरी सिरफिड माशी. ती दिसते छोट्या मधमाशीसारखी आणि हवेत एका जागी थांबून उडते. ही माशी स्वतः फुलातला मध आणि पराग खाते. तिची अळी मात्र मावा खाते. म्हणजे भाजीजवळ फुलं असली, तर माशी थांबते आणि जवळच्या माव्यात अंडी घालते. फुलं नसली तर ती पुढे निघून जाते. फवाऱ्याने मावा मरतो, तसे हे खाणारेही मरतात. मावा लवकर परत येतो, खाणारे उशिरा.

म्हणून मी वाफ्यांच्या कडेने झेंडू आणि शेवंती लावली होती. कळ्या भरपूर यायच्या. पण मी नऊ वाजता पोचायचे, तेव्हा एकही उमललेलं फूल नसायचं. आधी मला वाटलं, फुलं खाणारी अळी असेल. मी पानामागे तिची विष्ठा शोधली. ती कुठे नव्हती. देठ मात्र नखाने खुडल्यासारखे साफ तुटलेले होते.

दुसऱ्या दिवशी मी कोराडीहून पहिली बस धरली. धुकं होतं. कार्तिक महिना चालू होता आणि सोसायटीच्या देवळात काकडआरतीची तयारी सुरू होती. बागेत तिघीचौघी पिशव्या घेऊन फुलं तोडत होत्या. सगळ्यांत पुढे भुसारी काकू. सेक्रेटरींच्या पत्नी.

मी चाचरतच म्हणाले, "काकू, ही फुलं... ही किड्यांसाठी लावली आहेत."

काकूंचा हात थांबला. "किड्याईसाठी?"

"हो. चांगल्या किड्यांसाठी."

"आयकलं का वं?" त्या मैत्रिणींकडे वळल्या. "देवाले फुलं नाही अन् किड्याईले पाह्यजे! काय शिकवून राहिले तुमाले कॉलेजात?"

सगळ्या हसल्या. मीही कसनुसं हसले. आमच्याही घरी बुद्धमूर्तीपुढे रोज फुलं असतात, आणि आई ती विकत आणत नाही. मी कोणत्या तोंडाने बोलणार?

मी सरांना फोन केला.

"बोर्ड लाव," सर म्हणाले.

मी बोर्ड लावला. 'कृपया फुले तोडू नयेत.' दुसऱ्या सकाळी एका काकूंनी त्याच्या खिळ्याला पिशवी अडकवली होती. दोन्ही हात मोकळे राहतात म्हणून.

काकांकडे तक्रार करावी, तर तक्रार त्यांच्याच घरची. ते संध्याकाळी वेलाजवळ येत, मावा पाहत आणि विचारत, "तुझी फुलं कुठं आहेत, बेटा?" ती त्यांच्याच देव्हाऱ्यात होती. मी म्हणायचे, "येतील, काका." रात्री झोप लागत नव्हती. मावा वरच्या शेंड्यांपर्यंत पोचला होता. पाण्याच्या जोरदार धारेने मी तो झाडून पाडायचे, एक-दोन दिवसांत तो पुन्हा दिसायचा.

बुधवारी मी नुसतीच वाफ्यापाशी बसले होते. कोपऱ्यात मागच्या वेळची थोडी कोथिंबीर उरली होती. ती जून होऊन उंच वाढली होती, वर पांढरी बारीक फुलं आली होती. माळ्याला मी ती उपटायला सांगितलं होतं, तो विसरला होता. त्या फुलांवर दोन सिरफिड माश्या थांबून उडत होत्या.

मी बराच वेळ पाहत राहिले. कोथिंबिरीचं फूल देवाला कोणी वाहत नाही. आणि फुलावर आलेली कोथिंबीर कोणी भाजीत घालत नाही. कोणाच्याही कामाची नव्हती, म्हणून ती वाचली होती.

आता पेरून फूल यायला वेळच नव्हता. पण सरांच्या नर्सरीत न विकलेल्या कोथिंबीर आणि शेपूच्या रोपांच्या पिशव्या होत्या, सगळ्या फुलावर आलेल्या. मी घाबरतच मागितल्या.

"फेकणारच होतो. घेऊन जा," सर म्हणाले. मग म्हणाले, "पण रविवारी मावा तसाच असला तर मी कमिटीशी भांडणार नाही. ते तू पाहून घे."

मी ऑटो भरून पिशव्या आणल्या आणि वालाच्या मांडवाखाली ओळीने ठेवल्या. पाण्याची धार बंद केली, नाहीतर अंडीही धुऊन गेली असती. त्यामुळे मावा वाढताना नुसता पाहत बसावं लागलं. ते सगळ्यात अवघड गेलं.

रविवारी फवारणीवाला पंप पाठीवर घेऊनच आला. कमिटी जमली होती. मावा होता. काका म्हणाले, "पाह्य, मी वेळ दिला. फुलं लावते म्हणाली, एक फूल नाही दिसलं मले. काहून?"

तेवढ्यात मागून काकू बोलल्या, "फुलं आपल्या देव्हाऱ्यात हायेत. रोज तिथंच तर हात जोडता. तिले काहून बोलता?"

कोणीतरी हसलं. काका काकूंकडे वळले. ती संधी साधून मी वालाचं एक पान पुढे केलं. त्यावर माव्याच्या मधोमध सिरफिड माशीची हिरवट, बिनपायाची, जळवेसारखी अळी होती.

"ही अजून एक कीड!" काका म्हणाले.

"नाही, काका. पाच मिनिटं पाहा फक्त."

मी मोबाइलचा कॅमेरा मोठा करून धरला. अळी काहीच करत नव्हती. फवारणीवाल्याने पंपाचा दांडा हलवून पाहिला. मग अळीने डोकं इकडेतिकडे फिरवलं, एक मावा पकडून वर उचलला आणि शोषून त्याचं नुसतं साल टाकून दिलं. लगेच दुसरा पकडला.

"खाऊन राहिली ना हे!" काका ओरडले. "इकडे या, हे पाहा!"

सगळे आळीपाळीने पाहू लागले. फवारणीवाल्यानेही पाहिलं. "मंग मी जाऊ का साहेब?" त्याने विचारलं. काकांनी त्याला आठवडाभर थांबायला सांगितलं. त्याला परत बोलवावं लागलं नाही.

मावा पूर्ण गेला नाही, तो पूर्ण जातही नाही. पहिल्या शेंगा कमीच निघाल्या, नंतरच्या बऱ्या आल्या. पुढच्या मीटिंगमध्ये एक तक्रार आली, की इतकी कोथिंबीर जून होऊन वाया कशाला घालवता. काकू अजूनही झेंडू तोडतात. मी त्यांना काही म्हणत नाही. त्यांच्यासाठी गेटजवळ दोन ओळी जास्त लावल्या आहेत.

सरांनी मला ठेवून घेतलं. फुलं निवडताना मी किड्यांचा विचार केला होता, माणसांचा केला नव्हता. पुस्तकात ते प्रकरण नव्हतं.

नव्या साइटवर सर माती हातात घेऊन पाहत होते. मी वॉचमनला विचारलं, "इथे सकाळी फुलं कोण तोडतं?"

"कोन नाही तोडत, मॅडम?" तो म्हणाला.

झेंडूची रोपं मी गाडीतच राहू दिली आणि धने पेरायला घेतले.