ओठ माझे, आवाज तिचा

माझा धाकटा भाऊ किल्ल्या बनवतो. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबावं एवढं दुकान, मागे भिंतभर कोऱ्या किल्ल्या. कुणी घराबाहेर अडकलं की हातातलं काम टाकून धावतो आणि वर विचारतो, "आधी दार ढकलून बघितलंत ना?" एवढा शांत माणूस माझ्या पाठीवर कसा आला, देव जाणे. मी कपडे ऑल्टर करते आणि गिऱ्हाइकांवर खेकसते.

आमच्या पंथाचे पूर्वज धर्मग्रंथ पाठीवर घेऊन नदी ओलांडून आले, त्याचा खेळ दर वर्षी टेकडीच्या उतारावर होतो. भूमिका एकट्या माणसाला मिळत नाही, अख्ख्या घराला मिळते. उघड्यावर कुणाचंच बोलणं पोचत नाही, म्हणून सगळ्यांचे संवाद कितीतरी आधी टेपवर घेतात. खेळात नुसते ओठ हलवायचे आणि हातवारे मोठे करायचे. यंदा भावाच्या घराला मुख्य प्रसंग मिळाला. आजारी बायको नदीकाठी मागे राहते, नवऱ्याला म्हणते, "मुलींना घेऊन निघा, मागे पाहू नका," आणि तो निघतो. भावजयीनं आवाज दिला. दीड महिन्यानं साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत ती गेली.

तिच्या जागी घरातलंच बाईमाणूस हवं, म्हणून मी उभी राहिले. आमचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. जिवंतपणी तिनं मला एक वाक्य पुरं करू दिलं नाही, आणि आता तोंड माझं तरी बोलणारी तीच. पहिल्या दिवशी मी हे बोलूनही दाखवलं. दोन्ही भाच्या हसल्या, मग थोरली उठून आत गेली.

घरातली तालीम सरळ पार पडायची. टेबल भिंतीला लावायचं, चादरीची नदी करायची, फोनवर आवाज लावायचा. "निघा" आलं की भाऊ पाठीला उशी बांधून मुलींसकट स्वयंपाकघरात जायचा. धाकटी तिथून ओरडायची, "आत्या, तुझे ओठ आईच्या मागे राहतात!" राहणारच. तिचा वेग कुणाला जमलाय?

टेकडीवर मात्र घोळ झाला. तिथल्या भोंग्यांतून भावजय आली ती अख्ख्या उतारावर. "निघा." भाऊ हललाच नाही. मुलींनी दोन्हीकडून हात ओढले तरी माझ्याकडे बघत उभा. माझ्याकडे कसला, माझ्या तोंडाकडे. पुढे मुलींसाठी तिची प्रार्थना आहे, तीही त्यानं तिथंच उभ्याउभ्या ऐकली. मागे शंभर माणसं बोचकी घेऊन खोळंबली. चार तालमी अशाच गेल्या. मी डोळे वटारून पाहिले, एकदा ढकललंही. काही उपयोग नाही.

खेळ बसवणाऱ्या बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या शिक्षिका. वाईट नाहीत. त्यांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमची चूक नाही हो. पण उद्याही अडलात तर ही वाक्यं दुसऱ्या कुणाच्या आवाजात घ्यावी लागतील."

"नको, नको," भाऊ म्हणाला. "जाईन मी."

त्या संध्याकाळी तो बारा वेळा स्वयंपाकघरात गेला आणि बारा वेळा बाहेर आला. शेवटी मीच म्हटलं, "फोनमध्ये आहे ना रे ती. हवी तेव्हा ऐक की."

"फोनमध्ये एवढीशी वाटते, ताई. तिथं कशी, घरभर बोलायची तशी येते."

मी चादरीच्या नदीची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी मात्र तो गेला. "निघा" ऐकताच वळला, मुलींचे हात धरले, चढून टेकडीपलीकडे उतरला. मागे पाहिलं नाही. बाईंनी टाळ्या वाजवल्या. भोंगे सगळे प्रेक्षकांकडे तोंड करून लावलेले, पलीकडे चकार शब्द जात नाही. प्रार्थना मी एकटीनं ऐकली, ओठ हलवत. तिचा आवाज राखायचा तर त्याला तिथून जाणं भाग होतं, आणि गेला की तो आवाज त्याला नाही. यात मी काय करणार होते? कुणीच काय करणार होतं?

खेळ सात दिवसांचा. पहिल्या दिवशी सगळं आटोपल्यावर विजारीला चिकटलेली कुसळं काढत त्यानं विचारलं, "आज कशी म्हणाली?"

"टेपवर आहे ती," मी खेकसले. "काल म्हणाली तशीच."

"हो, तेही खरंच," असं म्हणून तो खाली बघत कुसळं काढत राहिला. मला माझीच जीभ हासडावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नुसता शेजारी येऊन बसायचा. मग मीच म्हटलं, "आज जरा सावकाश म्हणाली. प्रार्थनेत धाकटीचं आलं तिथं थांबली."

त्यानं मान हलवली.

"थकली असेल," तो म्हणाला. "उद्या परत आहे ना तिला."