लोळ्याचा नारळ

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीच्या ऑफिसात होतो. त्याच्या मेहुण्यानं एवढंच सांगितलं, "दाजी गेले. शेतात बसले व्हते, बसल्या जागीच." वय अवघं बेचाळीस. भूगावला पोचलो तर मोठ्या रस्त्यापासून त्याच्या दारापर्यंत माणसं उभी होती. गावकरी, भाडेकरू, आयटीतली पोरं... खांदा द्यायलासुद्धा रांग. सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की मी गेलो तर एवढी माणसं येतील का? महिना उलटून गेलाय. दत्ताविषयी लिहायचं तर त्याचा हेवा वगळून लिहिता येणार नाही, म्हणून सुरुवातच तिथून केली.

नोकरीसाठी लातूरहून इकडे आलो ते २००३ साली, आणि दत्ताच्याच बंगल्यात वरची खोली भाड्यानं घेतली. तोंडावर मी त्याला दत्ताभाऊ म्हणायचो, लिहिताना मात्र तो दत्ताच येतो. शिक्षण बारावीपर्यंत, घरची शेती, आणि खालच्या मजल्यावर सहा कॉम्प्युटर मांडून काढलेला सायबर कॅफे. रविवारी सकाळी आम्ही आठ-दहा जण तिथं जमून कॉम्प्युटरवर एक खेळ खेळायचो. प्रत्येकानं सहा काल्पनिक प्राणी निवडायचे आणि समोरच्याच्या प्राण्यांशी झुंजवायचे. कुणी आग ओकणारा, कुणी विष फेकणारा. त्यांची इंग्रजी नावं गावातल्या गड्यांच्या तोंडी बसेनात, म्हणून दत्तानं सगळ्यांचं मराठीत बारसं केलं होतं. मी पाठ केलेली मूळ नावं पुढं कुणी वापरलीच नाहीत.

थोड्याच महिन्यांत घोळ झाला. 'वणवा' आणि 'काळभुंगा' हे दोन प्राणी इतके जबर निघाले, की ज्याच्याकडे ते असतील तो जिंकणार. मग सगळेच ते दोघं घ्यायला लागले आणि खेळात राम राहिला नाही. बंदी कुणाकुणावर घालायची हे ठरवायला आम्ही बसलो. मी आठवडाभर खपून एक्सेलमध्ये तक्ता करून आणला होता : ताकद, वेग, एका फटक्यात होणारं नुकसान. दत्तानं तो नीट बघितला, आणि गावच्या जत्रेतल्या आखाड्याचं सांगायला लागला. एखाद्या पैलवानाला त्याच्या तोडीची जोड मिळाली नाही, तर त्याला तिथं हाकलत नाहीत. पंच त्याला मानाचा नारळ देतात आणि आपल्या शेजारी बसवतात. पुढं कधी जोड मिळाली, की तो नारळ फोडायचा आणि गड्यानं मैदानात उतरायचं. आपणही तसंच करू, तो म्हणाला. पण त्याआधी एक परीक्षा. "जोर जनावरात हाय का हातात हाय, ते बगायला पायजे. जनावर नवख्याच्या हातात द्या. मुरलेल्या गड्याला त्यानं तीनातनं दोनदा पाडलं, तर जनावर जास्तीचं. न्हाई पाडलं, तर जोर हातातला."

सगळ्यांना ते एकदम पटलं. माझ्या तक्त्यातूनही तीच दोन नावं निघत होती, पण ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्याच कागदावर भजी खाल्ली गेली.

नवखा हात म्हणून दत्ताच्या बायकोला, सुनंदावहिनींना बोलावलं. त्या पिठाचे हात पदराला पुसत आल्या, "आता काय दाबू?" असं दर वेळी विचारत खेळल्या, आणि दोन्ही प्राण्यांनिशी जिंकल्या. दत्तानं दोन नारळ आणले, त्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि कॉम्प्युटरवरच्या फळीवर ठेवले.

दत्ताचा स्वतःचा आवडता प्राणी होता लोळ्या. बेडकासारखा, गलेलठ्ठ, जागचा न हलणारा. तो आधी मार खायचा, थांबायचा, आणि मग दुप्पट परत करायचा. आम्ही कुणी त्याला हात लावत नव्हतो, कारण कधी थांबायचं आणि कधी उलटायचं हे फक्त दत्ताला कळायचं. रविवारमागून रविवार तो मला त्याच प्राण्यानं पाडायचा. माझा हिशेब बरोबर असायचा, तरी हरायचो मीच. वर तो प्रेमानं म्हणायचा, "साहेब, तुमाला लई घाई." शेवटी २००५ साली मी उभा राहून सांगितलं, की लोळ्यावरही बंदी घाला. बाकीचे नको नको म्हणाले. दत्ता तेवढा म्हणाला, कायदा सगळ्यांना सारखा, परीक्षा घ्या. नवखा हात पुन्हा वहिनींचाच, आणि मुरलेला गडी म्हणून माझंच नाव निघालं.

पहिला डाव मी सहज जिंकलो. दुसराही हातात आला होता. तेवढ्यात माझं दाराकडं लक्ष गेलं. आपल्या लोळ्याचा निकाल लागत असताना दत्ता बाहेर कुणाशी तरी हसत, चहा पीत उभा होता. त्याला काळजीच नव्हती. माझ्या अंगाची आग झाली. मी मुद्दाम चुकीची चाल केली, मग अजून एक. तिसरा डाव तर ठरवूनच घालवला. वहिनी गोंधळून म्हणाल्या, "मी जिकले का?" दत्तानं स्वतः तिसरा नारळ आणून फळीवर ठेवला. माझ्याजवळून जाताना तो हळूच म्हणाला, "हरायला लई येळ लावलात, साहेब." मी थट्टा समजून हसलो.

त्यानंतर त्यानं दुसरा प्राणी घेतलाच नाही. पंच होऊन बाजूला बसायला लागला. पुढच्या रविवारपासून पहिला मी. पण मी जिंकलो की सगळ्यांच्या माना त्याच्याकडं वळायच्या, हा बरोबर खेळला ना, हे त्याला विचारायला. तो मान हलवायचा, तेव्हा कुठं माझं जिंकणं मोजलं जायचं.

पुढं मी भूगावातच फ्लॅट घेतला, सगळ्यांच्या घरी इंटरनेट आलं, रविवार मोडले. कॅफेत एकच मशीन उरलं. गेल्या दिवाळीत दत्तानं मला रस्त्यात थांबवलं आणि विचारलं, "येता का एक डाव? मी लोळ्या घेतो." मी म्हणालो, त्याच्यावर बंदी आहे ना, भाऊ. तो म्हणाला, "तुमी म्हनाल तसं." तीच आमची शेवटची भेट.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. कॅफेची खोली रिकामी करायची होती. फळीवर तिन्ही नारळ तसेच होते, पुसलेले. वहिनींनी लोळ्याचा नारळ काढून माझ्या हातात दिला.

"तुमी मुद्दाम हरलात, ते ह्यांना तवाच कळलं व्हतं. मी म्हनले, मग बोलला का न्हाईत? तर म्हनले, नारळ साहेबांनी दिलाय, साहेबच फोडतील. जरा दम धर."

वहिनींनी मशीन चालू केलं, लोळ्या निवडला आणि म्हणाल्या, "चला, परत बगू." पाच वर्षांनी मी ती परीक्षा खरी दिली. दोन्ही डाव जिंकलो, दहा मिनिटंही लागली नाहीत. वहिनी पडद्याकडं बघत म्हणाल्या, "म्हंजे हातातच व्हता जोर." मी हो म्हणालो. हे मला तेव्हाही माहीत होतं.

पायरीवर जाऊन नारळ फोडला. आत पाणी नव्हतं, नुसता वाळलेला गोटा. पाच वर्षं, एक अक्षर न बोलता, तो माझी वाट बघत थांबला होता. मला पाच दिवससुद्धा जमलं नसतं. खरं सांगतो, रडू यायच्या आधी हेवाच आला... मेल्यावरही हा माणूस माझ्या पुढंच.

वहिनींनी तुकडा तोंडात घातला आणि काढला. खवट झालंय, टाकून द्या, म्हणाल्या. मी माझा तुकडा सगळा चावून खाल्ला.